तळ्यातले बेट

पुण्याला समुद्र नाही. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून घाट चढून आलेल्या पेशव्यांच्या भट घराण्याने ज्या नगरात आपला कारभार थाटला, त्या नगराच्या वाट्याला मुळा-मुठेचे पात्र, काही ओढे आणि विहिरी एवढेच पाणी आले होते. तरीही पर्वतीच्या पायथ्याशी, जिथे आज सारसबाग आहे, तिथे या नगराचे स्वतःचे एक बेट होते, आणि पाणी कधीच ओसरून गेले असताही ‘तळ्यातला गणपती’ असा पत्ता सांगणारा पुणेकर त्या बेटाची साक्ष आजही देत असतो.

हे बेट पाहावे ते मार्गशीर्षात. पावसाने धुतलेले आकाश आश्विनातल्या उन्हाने पुरते कोरडे झालेले असते, सकाळच्या हवेत बोचरेपणा असूनही ऊन पाठीवर सुखाने विसावते, आणि पर्वतीचे शिखर इतके रेखीव दिसते की देवदेवेश्वराच्या देवळाचे कंगोरे खालूनही मोजावेत. अशा निरभ्र दिवशी पाण्याजवळ बसून काहीही न करणे हे सुख मला पुष्कळ विद्वत्तेहून आणि पुष्कळ कमाईहून मोलाचे वाटते.

नानासाहेब पेशव्यांनाही ते तसे वाटले असले पाहिजे. 1749 मध्ये पर्वतीवर देवालय उभे राहिले, आणि त्यानंतर लवकरच आंबील ओढ्याचे पाणी अडवून पायथ्याशी विस्तीर्ण तळे करण्याचा हुकूम सुटला. काम चालू असता मध्यभागी सुमारे 25,000 चौरस फुटांची जमीन मुद्दाम राखली गेली, तिच्यावर बाग फुलली, आणि त्या बागेला सारसबाग हे नाव मिळाले. याच पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहराच्या हौदांपर्यंत आणले. रयतेची तहान भागवणारे पाणी आणि रयतेच्या डोळ्यांना निववणारे पाणी, या दोहोंची तजवीज एकाच कारकिर्दीत, एकाच दृष्टीने झाली, ही गोष्ट मला त्यांच्या मोहिमांइतकीच थोर वाटते.

पुढे पानिपत झाले, आणि ज्या टेकडीवरून हे तळे न्याहाळावे त्याच टेकडीवर 1761 च्या जून महिन्यात नानासाहेबांनी देह ठेवला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, 1784 मध्ये, सवाई माधवरावांनी बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना केली. त्या वेळी श्रीमंतांचे वय अवघे दहा वर्षांचे होते. सनदा त्यांच्या नावाने निघत आणि राज्याचा गाडा नाना फडणवीस हाकीत. तळ्यात नाव सोडून राजकारणाच्या मसलती होत आणि वल्हवणारे हबशी असत, म्हणजे मराठी बोलणे त्यांच्या कानांतून बाहेर जाणार नाही, अशी आख्यायिका पुण्यात सांगतात. तिच्या खरेपणाचा निवाडा दफ्तरे चाळणाऱ्यांनी करावा. मला मात्र त्या नावेत बसलेला, मसलत संपण्याची वाट पाहत पाण्यात बोटे बुडवणारा एक मुलगा पुन्हा पुन्हा दिसतो.

आता तळ्याच्या जागी हिरवळ आहे, आणि पाणी उरले आहे ते देवळाभोवतीच्या कमळांच्या लहान तळ्यांत. पण त्याच्या काठाशी क्षणभर वाकून पाहावे. कमळाच्या पानावर उडालेला थेंब पानाला न भिजवता पाऱ्यासारखा इकडून तिकडे धावतो, पानाच्या मधल्या खोलगटात येऊन थबकतो आणि तेवढ्या इवल्या जागेत सबंध आकाश धरून ठेवतो. एक तांबडा चतुर मिटलेल्या कळीच्या टोकावर बसतो, उडतो, आणि फिरून त्याच टोकावर येऊन बसतो. गाभाऱ्यात गणपतीला लोकरीचे स्वेटर आणि कानटोपी घातलेली असते. मूर्तीलाही थंडी वाजत असेल, या भावनेने ज्या हातांनी ती टोपी कानांवर नीट ओढली, त्या हातांतली माया पाहून मन भरून येते.

बाहेर हिरवळीवर चटया अंथरलेल्या असतात. कुणी डबा उघडून दशमी आणि चटणी वाटीत असते, सुट्टी मिळालेले मजूर उन्हात आडवे झालेले असतात, नातवाला पहिली पावले टाकायला लावणाऱ्या आजीबाई ‘हळू रे बाळा’ म्हणत त्याच्यामागे चालतात. आणि शेजारच्या पेशवे उद्यानातून, 1956 पासून पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या फिरवून आणणाऱ्या फुलराणीची शिटी ऐकू येते. ज्या जागी नावेतून जाण्याचा मान एके काळी श्रीमंतांचा आणि त्यांच्या मानकऱ्यांचा होता, तिथे आज कुणाच्याही परवानगीवाचून कुणीही दिवसभर बसू शकतो. पाणी गेले हा तोटा खराच. पण त्या पाण्याभोवतीचे सुख खाजगीतून निघून सार्वजनिक झाले, हा लाभ त्याहून मोठा आहे.

म्हणूनच या नगराच्या आजच्या कारभाऱ्यांना कळकळीने विनवावेसे वाटते. नदीचे पात्र आणि ओढ्यांचे काठ यांचा हिशेब मांडताना किती पाणी नळाला आले आणि किती जमीन मोकळी झाली एवढ्यावरच ताळेबंद पुरा करू नये. दमलेल्या माणसाला निरभ्र दिवशी स्वच्छ पाण्याजवळ निवांत बसता येईल अशी जागा किती राखली, हेही जमेच्या बाजूला लिहावे. पावणेतीनशे वर्षांपूर्वी, मोहिमांचा आणि कर्जाचा भार शिरावर असतानाही, एका राज्यकर्त्याने ती रक्कम मांडली होती, आणि तिच्या व्याजावर आपण आजतागायत सुखी आहोत.