किळस हे धोक्याचं माप नव्हे

रांगतं मूल दिवसभरात तोंडात काय काय घालतं, याची यादी कुठल्याही घरात थोडीफार सारखीच निघेल: चप्पल, पायपुसण्याचं टोक, केरातला केस, कुंडीतली माती, फरशीला चिकटलेली कालची भाताची शितं, एखादे वेळी पालीची लेंडी. ते पाहून आईबापांना शिसारी येते आणि त्याच क्षणी पोटात गोळाही येतो. या दोन्ही भावना इतक्या एकदम उठतात की आपण त्यांना एकच समजतो. त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं. शिसारी आणणाऱ्या पुष्कळ गोष्टी मुलाला फारसं काही करत नाहीत. तासा-दोन तासांत जीव धोक्यात आणणाऱ्या वस्तू मात्र बहुधा स्वच्छ आणि कोरड्या असतात, कधी देवघरात तर कधी दिवाणखान्यात ठेवलेल्या असतात. किळशीच्या मापानं काळजी मोजली की त्याच नेमक्या नजरेतून सुटतात.

आधी मुलाची बाजू समजून घेऊ. बोटांना सफाई येण्याआधीच ओठ आणि जीभ तयार असतात, म्हणून पहिली दीड-दोन वर्षं मूल जग तोंडानंच तपासतं. कडू चव ते जन्मापासून नाकारतं, पण किळस त्याला शिकावी लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांपुढे कुत्र्याच्या विष्ठेसारखा दिसणारा पदार्थ ठेवला होता. तो शेंगदाण्याचं लोणी आणि उग्र वासाचं चीज मिसळून बनवलेला होता. अगदी लहान मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी तो खाल्ला. कशाची किळस वाटावी हे पुढं घर शिकवतं. सुक्या बोंबलाच्या वासानं कोकणातल्या एका घरात भूक चाळवते, तर शेजारच्या घरात नाकाला पदर लागतो. म्हणून दहा महिन्यांच्या बाळावर ‘छी छी’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. त्याला आपला चढलेला आवाज तेवढा कळतो, त्याचं कारण कळत नाही.

आता खऱ्या धोक्यांकडे वळू. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांत बसणारा बटण सेल अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, तिथं तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतलं अस्तर गंभीरपणे भाजू शकतं. अशा वेळी शौचातून पडेल म्हणून वाट पाहायची नसते, लगेच एक्स-रे काढायचा असतो. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी यांची किळस कुणालाच येत नाही, पण ते श्वासनलिकेत जाऊ शकतात. आरतीच्या ताटातल्या कापरानं, अगदी थोड्या प्रमाणातही, लहान मुलाला झटके येऊ शकतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं रॉकेल किंवा फिनेल, उंदराचं औषध हे सगळं याच रांगेतलं. यांपैकी काहीही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात शिरतं आणि जास्त नुकसान करतं.

यावर कुणी म्हणेल की किळस उगाच निर्माण झालेली नाही, ती रोगापासून वाचवते. हे विष्ठेच्या बाबतीत पूर्ण खरं आहे. ग्रामीण झिंबाब्वेत संशोधकांनी रांगत्या मुलांवर दिवसभर लक्ष ठेवलं, तेव्हा काही मुलं अंगणातली माती आणि कोंबडीची शीटही खाताना दिसली. दोन्हींत आतड्यातले जिवाणू सापडले. आपल्या खेड्यांतलं अंगण आणि शहरी वस्तीतली उघड्या गटाराकाठची गल्ली याहून फार वेगळी नाहीत. जंताची अंडी तर ओल्या मातीत दोन-चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि तोवर तिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणजे इथंही किळस अपुरीच पडते. खरा उपयोग होतो तो मुलाचे आणि आपले हात साबणानं धुण्याचा, कोंबड्या कोंडण्याचा आणि वर्षाच्या पुढच्या मुलाला अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू न देण्याचा.

दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा: मातीत लोळलेली पोरंच दणकट होतात, मग अडवायचं कशाला? याला शास्त्राचा आधार असल्याचंही सांगतात. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांना ब्रिटनमध्ये आढळलं की मोठी भावंडं असलेल्या मुलांना गवतज्वर कमी होतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. जनावरांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या अमिश मुलांत दम्याचं प्रमाण 5 टक्के होतं, तर यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइट मुलांत 21 टक्के. ही निरीक्षणं महत्त्वाची आहेत. पण त्यांतून गोठ्याच्या आणि घरच्या धुळीतल्या सूक्ष्मजीवांचा फायदा सुचतो. गटाराच्या पाण्याचा नव्हे, रंगाच्या पोपड्यांतल्या शिशाचाही नव्हे. कुंडीतली चिमूटभर माती खाल्लेल्या बाळाचं तोंड पुसून पुढं जावं, एवढी सवड हे संशोधन नक्की देतं. मात्र दोन वर्षांनंतरही मूल महिनोन्महिने माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल, तर त्याला मारू नये किंवा बोटांना कडू लावू नये. आधी रक्त तपासावं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे 69 टक्के मुलांत रक्तक्षय आहे, आणि माती खाण्यामागं लोहाची कमतरता अनेकदा असते.

उरतो तो सर्वांत बोचरा आक्षेप: आईनं आणखी किती लक्ष ठेवायचं? काही झालं की ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो, कारण अखंड पहारा कुणालाच शक्य नसतो. धोक्याच्या दहा-बारा वस्तू घरातल्या कुणीही, बाबांनी किंवा आजोबांनी, एका संध्याकाळी उंचावर कुलपात ठेवल्या तर उरलेल्या शंभर घाणेरड्या गोष्टींमागं धावायची गरज राहत नाही. काही जबाबदारी तर घराबाहेरची आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, असा नियम भारतात 2016 मध्ये झाला. 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची आहे. जत्रेतल्या आणि फुटपाथवरच्या खेळण्यांपर्यंत हे नियम पोचवणं हे सरकारचं आणि विक्रेत्यांचं काम आहे. चप्पल चाटलेल्या बाळाच्या आईला दोष देण्यापेक्षा, त्याच्या हातातल्या खेळण्यावर ती खूण आहे का आणि त्यातल्या सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं पाहावं.