देवगिरीचे ताल आणि पॅरिसचा ऑर्गनवादक

द्वितीय वर्षाला वृत्ते शिकवण्याचा माझा तास नेमका दुपारच्या डब्यानंतर येतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तीन-तीन अक्षरांचे आठ गण, 'यमाताराजभानसलगम्'. गेली अठरा वर्षे मी हे फळ्यावर लिहीत आलो आहे, आणि मागच्या बाकांवर माना पेंगत आल्या आहेत. ज्यांनी मागितलेले नाही त्यांच्यापुढे रोज वाजवत राहणे, असे या नोकरीचे वर्णन मी एकदा स्टाफरूममध्ये चिडून केले होते. ओलिव्हिए मेसियां हे नाव तेव्हा मला ठाऊक नव्हते.

ते भेटले भलत्याच वाटेवर. ओवीच्या जुन्या उल्लेखांचा माग काढताना 'संगीतरत्नाकर' चाळत होतो. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव हा मूळच्या काश्मिरी घराण्यातला, देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबाचा प्रमुख अधिकारी. (हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने तालाध्यायात एकशेवीस देशी ताल मात्रांसह नोंदवून ठेवावेत, यात मला नवल वाटत नाही.) हे ताल विसाव्या शतकात पॅरिसच्या एका चर्चमधील ऑर्गनवादकाने आपल्या रचनांत वापरले, असे कुठेसे वाचले आणि मी थबकलो.

मेसियांचा जन्म १९०८ चा, आव्हीन्यों येथला. वडील इंग्रजीचे अध्यापक आणि शेक्सपिअरचे फ्रेंच अनुवादक. आई सेसील सोवाज कवयित्री. तिने पोटातल्या बाळाला उद्देशून एक काव्यमालिका लिहिली होती, ते बाळ हाच. घर फारसे धार्मिक नव्हते. आपण जन्मतःच श्रद्धाळू होतो, असे तो सांगे. अकराव्या वर्षी पॅरिसच्या संगीतविद्यालयात दाखल झाला आणि १९३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सेंत त्रिनिते या चर्चचा ऑर्गनवादक. १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच जागी होता. जवळजवळ एकसष्ट वर्षे! बुलेझ, स्टॉकहाउझेन, झेनाकिस यांच्यासारखे शिष्य ज्याच्या वर्गात बसले, तो माणूस रविवारी सकाळी जिना चढून मिस्सेला वाजवायला जात असे.

ही जागा कशी असते ते नीट पाहिले पाहिजे. ऑर्गन चर्चच्या मागच्या बाजूला, उंच सज्जात. भाविकांची तोंडे वेदीकडे, म्हणजे वादकाकडे पाठ. टाळ्या नाहीत. वाजवायचे ते विधीच्या मापाने. पुरोहिताचे काम आटोपले की थांबायचे. काही वर्षे त्याच्या रविवारची वाटणी ठरलेली होती: मुख्य मिस्सेला ग्रेगोरियन गायन, अकराच्या मिस्सेला जुन्या मान्यवरांच्या रचना, स्वतःचे संगीत दुपारच्या मिस्सेला, आणि सायंप्रार्थनेला उत्स्फूर्त वादन. त्याच्या स्वरांबद्दल काही भाविकांच्या तक्रारी होत्याच. १९४५ मध्ये समीक्षकही तुटून पडले, कोणी त्याच्या संगीतावर, तर कोणी त्याने स्वतःच लिहिलेल्या धर्मपर विवरणांवर.

मला गुंतवून ठेवते ती गोष्ट मात्र वेगळी आहे. खरे उपासनासंगीत एकच, ते म्हणजे ग्रेगोरियन गायन, असे मेसियांचे ठाम मत होते. म्हणजे 'ला नातिव्हिते द्यु सेन्यर' (१९३५) पासून 'लिव्र द्यु सें साक्रमां' (१९८४) पर्यंत ऑर्गनसाठी एवढे लिहिणाऱ्या या माणसाच्या लेखी, उपासनेला त्याच्या संगीताची गरजच नव्हती. तरी तो लिहीत राहिला. याला विनय म्हणावे की अहंकार, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

संस्कृत त्याला येत नव्हते. लाव्हिन्याकच्या संगीतकोशात भारतावरचा जो लेख होता, त्यातल्या कोष्टकात हे ताल त्याला सापडले. आपल्याकडे ते प्रचारातून केव्हाच गेलेले; त्याच्या हाती आली ती नावे आणि मात्रांची मापे. आवर्तन, सम, ठेका यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. तबल्याच्या उस्तादाला हा प्रकार ताल वाटणारच नाही, आणि ते योग्यच होईल. पण एका परंपरेने टाकून दिलेली यादी दुसऱ्या परंपरेतला माणूस चुकीची वाचतो आणि त्यातून काही उभे राहते, हे वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्यांना नवे नाही.

ते कुठे उभे राहिले? १९४० मध्ये मेसियां जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. ग्योर्लिट्सच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांसाठी त्याने रचलेले 'काळाच्या अंतासाठी चौकडी' प्रथम वाजले. पियानोवर तो स्वतः. पाच हजार कैदी ऐकत होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असे तो पुढे सांगे. चेलोवादक पास्किये म्हणत, तारा चारही होत्या. आणि श्रोते काहीशेच असावेत. महिपतीची संतचरित्रे शिकवणाऱ्याला या तफावतीचा त्रास होऊ नये. मला थोडा होतो.

त्या रचनेच्या पहिल्या भागात पियानोचा लयबंध सतरा कालमूल्यांचा आहे, आणि तो रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश या तीन देशी तालांतून घेतलेला आहे. त्यावर एकोणतीस स्वरसंघातांची मालिका फिरते. सतरा आणि एकोणतीस, दोन्ही मूळ संख्या. चारशे त्र्याण्णव ठोक्यांआधी दोन्ही चक्रे एकत्र आरंभाला येत नाहीत, आणि तिथवर हा भाग जातच नाही.

युद्धानंतरचे आयुष्य सोपे नव्हते. पत्नी क्लेर देल्बो, स्वतः व्हायोलिनवादक आणि रचनाकार, एका शस्त्रक्रियेनंतर स्मृती गमावून बसली आणि १९५९ मध्ये वारली. १९६१ मध्ये त्याने पियानोवादक इव्हॉन लोरिओशी विवाह केला. मधल्या वर्षांतले रविवार मी कल्पून पाहतो.

उलट वाचली तरी तशीच राहणारी लय मेसियांना फार प्रिय. अशक्यतेची मोहिनी, असे तो त्याला म्हणे. हे वाचल्यावर मी आपले गण तपासले. म, न, ज आणि र उलटे केले तरी तेच. य उलटा केला की त होतो, भ उलटा केला की स. अठरा वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात सहलीला मुलांना दौलताबादला नेले. वाटाड्याने मेंढा तोफ दाखवली, अंधारी दाखवली, चांदमिनाराची उंची सांगितली. शार्ङ्गदेवाचे नाव निघाले नाही. मीही काढले नाही, मुलांना भूक लागली होती. परतल्यावर मात्र वृत्तांच्या तासाला मोबाइलवर तो पहिला भाग लावला. पंख्याच्या आवाजात निम्मे ऐकू आले नाही. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पेनाने बाकावर मात्रा मोजत होती. ती मध्येच चुकली, आणि म्हणाली, "सर, पुन्हा पहिल्यापासून लावा ना."