मेणबत्तीनं पेरलेली नाचणी

नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरायची ती गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी, असा आमच्या वसईच्या घरातला नियम. आगमनकाळाचे रविवार चार, मेणबत्त्याही चार. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. त्या दिवशी मिस्सेहून आलं की पत्र्याच्या डब्यांत माती भरायची आणि रात्रभर भिजवलेली नाचणी वर पसरायची. नाताळपर्यंत बोटभर हिरवळ उभी राहते, घटाचं धान उगवतं तशी. तीच गोठ्यात मेंढरांच्या पायाशी.

२०२३ साली या नियमानं मला तोंडघशी पाडलं.

आगमनकाळ नाताळपासून मागे चार रविवार मोजून ठरतो. त्यामुळे तो कधी २८ दिवसांचा होतो, कधी २२च. २०२२ साली नाताळच रविवारी होता, म्हणून गुलाबी मेणबत्ती ११ डिसेंबरला लागली होती. पुढच्या वर्षी पहिलीच लागली ३ डिसेंबरला आणि गुलाबी १७ला. चौथा रविवार थेट २४ तारखेला: सकाळी चौथी मेणबत्ती, रात्री नाताळची मिस्सा. २०१७ सालीही असंच झालं होतं, पण तेव्हा पेरणी सासूबाईंकडे होती.

म्हणजे नाचणीला मिळाले सात दिवस. लवकर यावी म्हणून मी दिवसातून तीनदा पाणी घातलं. २१ तारखेला डब्यांतून आंबूस वास यायला लागला. बोटानं माती उकरली तर दाणे काळे, बुळबुळीत.

भिंतीपलीकडे मोठ्या जाऊबाईंच्या ओट्यावर डबे हिरवेगार. त्या तारखेनं पेरतात, मी मेणबत्तीनं. आणि त्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं, ईस्टरपासून. कारण सांगायलाही लाज वाटते: सामाईक विहिरीवरच्या मोटारीचं लाइट बिल.

गंमत अशी की आगमनकाळातलं मला सगळं पाठ होतं. मी वेदी सजवणाऱ्या बायकांमध्ये आहे. वेदीवर जांभळं कापड का, फुलं बेतानं का, या रविवारांना देवदूतांचं गौरवगीत, आमचा ग्लोरिया, का गात नाहीत, हे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना मीच सांगते. नाताळच्या रात्री ते नव्यानं कानावर पडावं म्हणून. मेणबत्त्यांचं चक्र हॅम्बुर्गच्या योहान विखर्न या पाळकानं १८३९ साली गरीब मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मांडलं, हेही सांगते. मुलं विचारायची, नाताळला किती दिवस राहिले? त्यांना रोज एक मेणबत्ती मिळायची, रविवारची मोठी.

आणि हेही सांगते की हा काळ फक्त बाळ येशूच्या वाढदिवसाची तयारी नाही. १६ डिसेंबरपर्यंत चर्चचं लक्ष प्रभूच्या दुसऱ्या येण्याकडे असतं, बेथलेहेमकडे नजर वळते ती १७पासून. त्या वर्षी पहिल्या रविवारी मार्कच्या शुभवर्तमानातला द्वारपाल वाचला गेला. धनी परगावी गेलाय, परत कधी येईल सांगता येत नाही, दारावरच्यानं जागं राहायचं. मुलांना मी विचारलं, द्वारपाल झोपला तर? एक म्हणाला, "टीचर, धन्याला बेल वाजवायला लागेल."

आम्ही हसलो. माझं दार कोणत्या बाजूनं बंद आहे, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

२० तारखेला पापनिवेदनाच्या रांगेत उभी राहिले. नाताळच्या आधी ही रांग बाजारातल्या रांगेइतकीच लांब असते. आत गेले आणि बिलाची सगळी कथा सांगितली: त्या काय म्हणाल्या, त्यांनी मोटारीचं बटण कसं बंद केलं. माझ्या पापांपेक्षा मला जाऊबाईंची पापं जास्त तोंडपाठ होती. फादर ऐकून म्हणाले, "हे त्यांचं झालं. तुमचं?" मग सांगितलं, नाताळच्या आधी त्यांच्याशी एकदा बोला. मी हो म्हणाले, आणि गेले नाही.

दुसऱ्या दिवशी नाचणी कुजली.

पश्चात्तापानं नाही, गवतासाठी गेले, हे कबूल करते. बाजारात आर्टिफिशियल हिरवळ मिळते. पण आमच्या गोठ्यात प्लॅस्टिक कधी आलं नाही, आणि माझ्या हातून पहिल्यांदा यावं हे मला सोसेना. भक्ती कमी, हट्टच जास्त.

जाऊबाई करंज्यांचं सारण परतत होत्या. मी दारातच उभी.

"वहिनी, नाचणी आहे का जास्तीची?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. "किती डबे?"

"दोन."

"तीन ने. तुझा गोठा मोठा असतो." आणि मी डबे उचलत असताना, "पाणी कमी घालत जा गं."

बिलाचा विषय निघाला नाही. तिसरा डबा त्याच घेऊन आल्या, आमच्या ओट्यापर्यंत. आत आल्या नाहीत.

बाप्तिस्मा करणारा योहान वाळवंटात ओरडून सांगतो की प्रभूसाठी वाकड्या वाटा सरळ करा. मला वाटायचं, सरळ करायला हात कुशल लागत असेल. माझी वाट सरळ झाली ती माझ्या हातून बिघडलेल्या कामामुळे. आठ महिने मी माझा हिशेब बरोबर कसा हेच मांडत होते. कुणाच्या दारात काही मागायला उभं राहण्याइतकी रिकामी मी त्याआधी झालेच नव्हते. गव्हाणही रात्रीच्या मिस्सेपर्यंत रिकामीच ठेवतो आपण. मूर्ती आधी ठेवली की मुलंसुद्धा ओरडतात, टीचर, अजून आला नाही!

२४ला सकाळची मिस्सा संपली तशी आम्ही बायका जांभळं काढून पांढरं घालायला धावलो. जेवायलाही फुरसत नव्हती. रात्री ग्लोरिया सुरू झाला, घंटा वाजल्या. जाऊबाई माझ्या शेजारी बसल्या नव्हत्या, दोन बाकं मागे होत्या. त्यांचा आवाज जरा चढा लागतो. मी न वळता ओळखला.

मोटारीच्या बिलाचा तिढा सुटायला फेब्रुवारी उजाडला. नाचणी आता मीही १० डिसेंबरला पेरते. २४ डिसेंबर पुन्हा रविवारी येतोय तो २०२८ साली. मेणबत्तीनं पेरणाऱ्यांनी आत्ताच खूण करून ठेवावी.