गेमिंग लॅपटॉप एक की जुने लॅपटॉप तीन?

‘आपल्या पोरांनी आता कोडिंग शिकलं पाहिजे’ हे वाक्य दर १४ एप्रिलला मंचावरून ऐकू येतं. टाळ्या पडतात. पण कोणत्या मशीनवर शिकायचं, तिच्यात काय बघायचं, पैसा किती लागेल, यावर एकही वक्ता बोलत नाही. मग पोरं दुकानात जातात आणि दुकानदार जे पुढे करेल ते हप्त्यावर उचलून आणतात. म्हणून हा लेख.

मुकुटबनला आम्ही चौघे वेबसाइट बनवायचं काम करतो. गिऱ्हाइकं पुण्या-नागपूरची. मोबदला कामावर मिळतो, तासावर नाही. म्हणजे मशीन जेवढी रेंगाळते तेवढं आमचं नुकसान, गिऱ्हाइकाचं काहीच नाही. आमच्या जुन्या लॅपटॉपवर एक ओळ बदलून सेव्ह केली की पडद्यावर फरक दिसायला पंधरा सेकंद लागत. दिवसातून शंभर वेळा सेव्ह करा. पंचवीस मिनिटं गेली. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दहा तासांवर फुकटची वेठ! वेठबिगारी कायद्याने बंद झाली म्हणतात, ती अशी मागच्या दाराने घरात येते.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही वर्गणी काढून साठ हजार जमवले आणि भांडण सुरू झालं. दोघांचं म्हणणं, एकच झकास गेमिंग लॅपटॉप घ्यावा. बाकी दोघांचं म्हणणं, आधी वेळ नेमका कुठे जातो ते तपासू.

तपासलं. वेबसाइटच्या एका साध्या प्रकल्पातसुद्धा नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात हजारो बारक्या फायली असतात. आमच्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क होती. ती मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला अकरा मिलिसेकंद. प्रत्येक फाइल वेगळ्या जागी, प्रत्येक जागेसाठी थांबा. सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणं वाचून होतात. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, ती तेवढ्या वेळात हजारो ठिकाणं वाचते. दुसरा खड्डा रॅमचा. एडिटर, ब्राउझर, सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र चालवले की ४ जीबी कधीच भरते, मग मशीन डिस्कलाच रॅम समजून वापरू लागते आणि सगळं ठप्प. ८ जीबीत कसंबसं निभतं. १६ जीबीत मोकळा श्वास घेता येतो.

आणि गेमिंग लॅपटॉपच्या किमतीचा मोठा हिस्सा ज्या ग्राफिक्स कार्डात जातो, ते आमच्या कामात हातसुद्धा हलवत नाही.

प्रोसेसरचं बघा. दुकानात आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन अशी उतरंड मांडलेली असते आणि नावावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरतं. (आपल्याला हा प्रकार ओळखीचा आहे!) पण इंटेलच्या सातव्या पिढीतल्या आय-सेव्हन ७५००-यू ला कोअर दोन, आणि आठव्या पिढीतल्या आय-फाइव्ह ८२५०-यू ला चार. स्टिकर बघून पहिला घेणारा फसला. शेवटचे आकडे-अक्षरं वाचायची, नाव नाही. टाइपस्क्रिप्ट तपासण्यासारखी पुष्कळ कामं एकाच कोअरवर चालतात, म्हणून एका कोअरचा वेगही बघायचा.

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवणार होती, त्यामुळे कंपन्या जुन्या मशीन घाऊक भावात काढत होत्या. नागपूरला जाऊन आम्ही थिंकपॅड टी-४८० असे तीन घेतले, साडेसोळा हजाराला एक, एसएसडीसह. आठव्या पिढीचा प्रोसेसर, रॅमचे दोन स्लॉट, शिवाय दोन बॅटऱ्या, त्यातली एक मशीन चालू असतानाच बदलता येते. आमच्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही, त्यामुळे ही सोय वेगाइतकीच मोलाची. वरच्या पैशात तिघांचीही रॅम १६ जीबी केली. रॅमचे भाव त्यानंतर बरेच चढलेत, आता घेणाऱ्याने आधीच १६ जीबी असलेली मशीन शोधावी. रॅम बोर्डालाच चिकटवलेली असेल तर ती पुढे वाढवता येत नाही, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वाद खरा पेटला तो इथे. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं आपण किती पिढ्या वापरायचं?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं-शिळं सोडा असं बजावलं, आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते सोडलं. मग शंभर वर्षांनी आम्ही कंपन्यांची उतरण उचलायची?

आमचं उत्तर असं. उष्ट्याला किंमत नव्हती, त्या बदल्यात राबणूक होती, लाचारी होती आणि नाकारायची मुभा नव्हती. या लॅपटॉपचं बिल आहे. आम्ही भाव पाडला, झाकण उघडून बघितलं, बॅटरी खराब होती ते दोन परत केले. नव्या चकचकीत मशीनवर अठरा महिने हप्ते फेडणारा स्वाभिमानी आणि रोख देऊन जुनी घेणारा लाचार, हा हिशेब सावकाराच्या सोयीचा आहे, आमच्या नाही. तो मित्र अजून पुरता पटलेला नाही. असू दे. प्रश्न जिवंत राहिलेला बरा.

घरी आणल्यावर तिघांवर उबुंटू टाकलं. बारक्या फायलींच्या कामात ते आम्हाला विंडोजपेक्षा चपळ वाटलं आणि लायसन्सचा खर्च नाही. पंधरा सेकंदांचे दोन झाले.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. पारा ४५ च्या वर गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपोआप वेग कमी करतो. त्यात रस्त्याने कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक, ती धूळ पंख्यात बसते. आम्ही दर दोन महिन्यांनी पंखा झाडतो, आणि जुनी मशीन घेतल्याबरोबर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलतो. दोनेकशे रुपयांच्या नळीत उन्हाळा निघतो.

दोन लॅपटॉपवर आम्ही पाळीपाळीने काम करतो. तिसरा संध्याकाळी शिकायला येणाऱ्या पोरींसाठी ठेवलाय. त्यातली एक कोलामांच्या पोडावरून येते, एमएस-सीआयटी झालेली आहे, आणि परवा तिने स्वतःच्या हाताने रॅम काढून परत बसवली. पुढच्या वर्गणीतून पहिली खरेदी जुना पण मोठा मॉनिटर. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर कोड आणि पान शेजारी-शेजारी मावत नाही, त्यामुळे डोळे आणि वेळ दोन्ही जातात. यावर मात्र चौघांचं एकमत आहे.