फक्त तारीख बदलायची

हैदराबादला गेले की माझा मुक्काम बरकतपुऱ्यात, मावशीकडे, हे ठरलेलेच. बिदरहून निघताना सासूबाई ज्वारीचे पीठ बांधून देतात, येताना मावशी लोणच्याची बरणी देते. मावसा आता ऐंशीच्या घरात आहेत. विदर्भापासून झारखंडापर्यंत कोळशाच्या भूमिगत खाणींत त्यांनी सर्व्हेअर म्हणून नोकरी केली. जमिनीखालचा नकाशा आखायचा, हे त्यांचे काम.

गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा पिशवीत उत्तरपत्रिकांबरोबर आणखी एक कागद होता. आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या सुरक्षा तपासणीचा दाखला. समितीत माझे नाव असल्याने दरवर्षी सही माझीच. जेवणे झाल्यावर मी मागच्या वर्षीचा मजकूर उतरवून काढायला बसले.

‘‘काय लिहितेस?’’ मावसांनी विचारले.

‘‘नूतनीकरण आहे, मावसा. फक्त तारीख बदलायची.’’

मावसा हसले नाहीत. म्हणाले, ‘‘आमच्याकडेही असंच म्हणायचे.’’

मग ते बराच वेळ बोलत राहिले. खाणीला काही एकच परवाना नसतो. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, १९७४ च्या पाणी आणि १९८१ च्या हवा कायद्याखाली. तिची मुदत संपली की तेव्हा नव्याने अर्ज करावा लागे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी हवी, आणि तिच्या अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यायचा. छत तोलून धरायला ठेवलेले कोळशाचे खांब शेवटी काढायचे, तर धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी वेगळी.

‘‘एवढे कागद कशाला?’’ मी विचारले.

‘‘परवानगी दिली तेव्हाची खाण आणि आजची खाण एक नसते, म्हणून. दर पाळीला कोळसा निघतो, म्हणजे दर पाळीला खाण बदलते. कागद मात्र तोच राहतो.’’

त्यांना सर्वांत भीती पाण्याची. जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत वर्षानुवर्षे पाणी साचते. नवे काम तिकडे सरकू लागले की मध्ये उरते ती कोळशाची भिंत. १९५७ च्या नियमांत असे होते, की पाणी असण्याचा संभव असलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत यायचे तर आधी लेखी परवानगी हवी. (२०१७ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे आले.) पण ते ६० मीटर मोजायचे कशावर? नकाशावर. नकाशाच चुकला तर?

२७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि ३७५ माणसे गेली. १६ जून २००३ ला आपल्या शेजारच्या गोदावरीखणीत एका खाणीत तसेच पाणी शिरले, १७ कामगार गेले. दोन्ही तारखा मावसांना तोंडपाठ आहेत.

त्यांची स्वतःची गोष्ट मात्र मावशीनेच सांगितली. एका खाणीत मुदतवाढीसाठी जुनाच नकाशा पाठवा, असे वरून आले. मावसा हट्टाने खाली उतरले आणि पुन्हा मोजणी केली. जुने काम नकाशावर दिसत होते त्याहून बरेच जवळ निघाले. पुढचे काम थांबले, कामगारांचा बोनस बुडाला. शेजारच्या बायका वर्षभर मावशीशी बोलल्या नाहीत.

‘‘आणि पाणी?’’

‘‘आलंच नाही,’’ मावसा म्हणाले. ‘‘म्हणून तर कुणाला आठवत नाही.’’

आमच्या घरी मी खाण म्हणते, सासरची माणसे गणी म्हणतात. परवानगी मात्र दोन्ही भाषांत परवानगीच. रात्री अंथरुणावर वाटले, लहानपणी हा शब्द आपण विचारण्यासाठी शिकलो. कचेरीत आलो आणि तो नुसता मिळवण्याचा होऊन बसला.

बिदरला परतल्यावर पहारेकऱ्याला घेऊन वसतिगृहाचे तिन्ही मजले चढले. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होते. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. आग विझवण्याच्या नळकांड्यांची मुदत केव्हाच संपलेली. गेली चार वर्षे ‘सर्व व्यवस्थित’ असे मीच लिहिले होते.

या वेळी दिसले ते लिहिले. वरिष्ठांना आवडले नाही. ‘‘मॅडम, मुलींचे प्रवेश अडतील,’’ असेही ऐकवले गेले, आणि ते काही खोटे नव्हते. महिनाभर दाखला अडकून पडला.

त्या दिवसांत मावसांचा फोन आला. ‘‘सही केलीस?’’

‘‘अजून नाही. कुलूप निघायचंय.’’

‘‘बरं,’’ म्हणाले, आणि फोन मावशीकडे दिला.