कोपीवरची तपासणी

नोव्हेंबरात कारखान्याचं गाळप सुरू झालं की आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत नव्या वस्त्या उभ्या राहतात. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या ट्रॅक्टरमधून उतरतात आणि ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात दोन दिवसांत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालतात. सांगली जिल्ह्यातल्या या कृष्णाकाठच्या पट्ट्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, म्हणून काम करताना मी दर हंगामात पहिल्यांदा एकच गोष्ट विचारत हिंडते, टोळीत गरोदर कोण आहे? ऊस तोडणारं जोडपं म्हणजे एक कोयता; कोयत्यांत तरण्या जोडप्यांचा भरणा असतो, त्यामुळे तशा बाया सापडतातच. मग त्यांची नोंद, धनुर्वाताची लस, हिमोग्लोबिन, रक्तदाब. आणि एचआयव्हीची तपासणी.

ही शेवटची तपासणी पूर्वी माझ्या हातात नव्हती. मी फक्त चिठ्ठी लिहून द्यायची, ‘ग्रामीण रुग्णालय, आयसीटीसी’, म्हणजे तिथलं एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र. तिथं तपासणी फुकट होती, समुपदेशकही चांगल्या होत्या. पण बाई तिथं पोचणार कशी? पहाटे अंधारात ती उसाच्या फडात जाते. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडी भरते. ती एक दिवस गेली की कोयताच अडतो, खाडा पडतो आणि मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीतून पैसे कापले जातात. वर जायचं-यायचं भाडं. एवढं करून पोचली आणि अहवाल उद्या घ्यायला सांगितला, तर उद्याचा दुसरा खाडा. तोवर टोळी पुढच्या गावाच्या फडावर गेलेली असायची. ‘या बायकांना आरोग्याची पर्वाच नसते’ असं मी कित्येकांच्या तोंडून ऐकलं आहे. ते मला कधीच पटलं नाही. पोटातल्या लेकराची पर्वा त्यांना इतर कुणाही आईइतकीच असते. फुकट तपासणीची त्यांना पडणारी किंमत मात्र कुणी मोजलेली नव्हती.

मग बोटाच्या टोकावरून रक्त घेऊन करायचं रॅपिड किट उपकेंद्रावर आलं आणि आम्हाला प्रशिक्षण मिळालं. सरकारला ते शंभर रुपयांच्या आत पडतं, बाईला मोफत. ना यंत्र लागतं, ना वीज. अनामिकेची बाजू स्पिरिटने पुसायची, वाळू द्यायची, लॅन्सेट टोचायचं, पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा आणि पुढचा किटच्या खाचेत सोडायचा. वर बफरचे थेंब. रक्तात एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती पट्टीवर अडकतात आणि तिथं रेघ उमटते. कंट्रोलची रेघ उमटलीच नाही तर ते किट बाद, नवीन घ्यायचं. किटवर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचायचा. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. उन्हात पेटी तापू द्यायची नाही, म्हणून मी किट लसीच्या डब्याशेजारी सावलीत ठेवते.

खरं कसब टोचण्यात नाही. उघड्या माळावर गुपित राखण्यात आहे. कोपीला दार नसतं. टोळीत सगळे एकमेकांचे भावकीतले नाहीतर गावातले. आम्ही ट्रॉलीला साडी बांधून आडोसा करतो. संध्याकाळी गाड्या भरून बाया परतल्या की एकेकीला आत घ्यायचं. एक बाई आत पाच मिनिटं बसली आणि दुसरी अर्धा तास, तर बाहेरच्या लगेच हिशेब लावतात. म्हणून मी प्रत्येकीला सारखाच वेळ बसवते. आधीची बाळंतपणं, जेवण, झोप, पायावरची सूज, सगळं विचारेपर्यंत निकाल आलेला असतो. एचआयव्हीचं मात्र वेगळं आणि स्पष्ट विचारते. ही कशाची तपासणी, का करायची, नको असेल तर नाही म्हणता येतं. २०१७च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक केली आहेत. तो कायदा नसता तरी मी विचारलंच असतं. बहुतेक जणी हात पुढे करतात. दारात आलेल्या तपासणीला नकार मला फार क्वचित मिळाला आहे.

एका हंगामात सातव्या महिन्यातल्या एका मुलीच्या पट्टीवर दुसरी रेघ आली. वय वीसच्या आतबाहेर. मी तिला सांगितलं ते मी नेहमी सांगते तेच, की ही पहिली चाचणी आहे, यावरून काही पक्कं धरायचं नाही; रुग्णालयात वेगवेगळ्या तीन किटवर रक्त तपासतात आणि मगच सांगतात. तिने पट्टीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, “नर्सबाई, मुकादमाला कळंल का?”

आजाराचा प्रश्न नंतर आला. आधी हा. टोळीतून काढलं तर उचल फेडायची कशी, हे त्या क्षणी तिच्यापुढे होतं. मी म्हटलं, “माझ्या तोंडून कुणालाच नाही. तुझ्या नवऱ्यालाही तू म्हणशील तेव्हाच.” दुसऱ्या दिवशी रक्त कमी आहे, सोनोग्राफी करायची आहे असं टोळीत सांगून तिला मी स्वतः घेऊन गेले. दोन्ही खरंच होतं. तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. समुपदेशक ताई तिच्याशी बराच वेळ बोलल्या. एचआयव्हीवरची रोजची एक गोळी, टीएलडी, लगेच सुरू झाली. काही दिवसांनी तिनेच नवऱ्याला सांगितलं आणि तोही तपासणीला आला.

उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. औषधं वेळेत मिळाली तर ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. सातव्या महिन्यात कळणं आणि बाळंतपणानंतर कळणं यातला फरक या आकड्यांत आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात प्रसूतिकक्षातच रात्रंदिवस झटपट तपासणीची सोय करून पाहिली होती. हिरड्यांवरून काडी फिरवून ती चाचणी करत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १,२०० हून अधिक बायका तपासल्या गेल्या, त्यांतल्या १५ जणी पॉझिटिव्ह निघाल्या. कळा सुरू झाल्यावरही तपासणी करणं शक्य आहे आणि तेव्हाही बाळासाठी काही करता येतं, हे तिथं दिसलं. मग फडावर सातव्या महिन्यात का जमू नये?

फडावरच्या त्या मुलीचं बाळंतपण जानेवारीत रुग्णालयात झालं. बाळाला पहिल्या दिवसापासून नेव्हिरॅपिनचं सिरप. इथपर्यंत सगळं हाताच्या अंतरावर होतं. पुढे अडलं. बाळाच्या अंगात आईचीच प्रतिपिंडं असतात, त्यामुळे अठरा महिन्यांपर्यंत आमचं साधं किट त्याच्यासाठी निरुपयोगी. सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्त घेऊन त्याचे ठिपके जाड कागदावर वाळवतात आणि लांबच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिच्या बाळाचे ठिपके गेले, पण अहवाल यायच्या आधी गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी गावाला निघाली.

मला सर्वांत जास्त राग या टप्प्याचा येतो. विषाणूच शोधणारी छोटी यंत्रं आज जगात आहेत, तासा-दोन तासांत निकाल देणारी. आईला वीस मिनिटांत उत्तर आणि तान्ह्याला आठवड्यांनी, हे कुठल्या हिशेबात बसतं? जिथं दर हंगामाला हजारो कोयते उतरतात त्या साखरपट्ट्यातल्या तालुक्यांना तरी अशी यंत्रं आधी मिळायला हवीत. उपचार न मिळालेली लागण झालेली बाळं पहिल्या दोन वर्षांतच मोठ्या संख्येने दगावतात. त्यांच्याजवळ वाट बघायला वेळ नसतो.

तिच्या बाबतीत फोनने तारलं. निघण्यापूर्वी तिची संमती घेऊन समुपदेशक ताईंनी तिचं एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराचं, कार्ड बीडला बदलून दिलं आणि पुरेशा गोळ्या बरोबर दिल्या. अहवाल आला तेव्हा मीच तिला फोन लावला. बाळाला लागण नव्हती. तिने दोनदा विचारलं, “खरं ना, नर्सबाई?” मी तिला बजावलं की अंगावर पाजते आहेस तोवर गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि बाळाच्या पुढच्या तपासण्याही राहिल्या आहेत, पक्कं अठरा महिन्यांनंतरच.

पुढच्या हंगामात तिची टोळी आमच्याकडे आली नाही, पलीकडच्या तालुक्यात उतरली. तिनेच कळवलं. तिला विचारून मी तिथल्या सिस्टरांना बाळाच्या तपासणीचा महिना आणि कोप्या कुठल्या रस्त्याला आहेत ते सांगितलं. बाया फडातून परततात ती वेळही सांगितली, म्हणजे सिस्टर संध्याकाळी सहानंतरच जातील.