मुलाखतीचा सराव आणि पवारणेचा संस्कार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा कोणत्या विषयावर लिहावे असा प्रश्न मला फारसा पडला नाही. आपल्या वसतिगृहाची उभारणी, पहिल्या तुकडीचे दिवस, उपासक-उपासिकांनी मूठमूठ धान्य देऊन चालवलेले भोजनगृह यांविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारी ज्येष्ठ मंडळी या अंकात आहेत. मी एका लहान उपक्रमाविषयी लिहिणार आहे. वार्षिक अहवालात त्याला स्वतंत्र रकाना नाही आणि त्याचे उद्घाटनही कधी झाले नाही. गेली काही वर्षे आपले माजी विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी रविवारी शाळेच्या ग्रंथालयात येतात आणि तेथे आम्ही त्यांची सराव मुलाखत घेतो. मुले त्याला 'मॉक' म्हणतात. इतिहासाची शिक्षिका या कामात कशी पडली, असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर इतिहासातच आहे.

भारतीय प्रशासन सेवेत निवड झालेले अनुसूचित जातीचे पहिले उमेदवार अच्युतानंद दास हे १९५० सालच्या परीक्षेतून आले. लेखी परीक्षेत त्यांना १०५० पैकी ६१३ गुण होते. त्या वर्षी देशात पहिले आलेले एन. कृष्णन यांचे लेखी गुण ६०२, म्हणजे दासांपेक्षा ११ ने कमी. पुढे ३०० गुणांची मुलाखत झाली. कृष्णन यांना २६० मिळाले आणि दासांना ११०. लेखी परीक्षेत पुढे असलेला उमेदवार मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडला, तेव्हा एकूण क्रमवारीत फार खाली गेला होता. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उमेदवार दिसत नाही. मुलाखतीत मात्र त्याचे कपडे, त्याचे उच्चार, त्याची बसण्याची पद्धत हे सारे दिसते. हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि त्यांवर भाष्य करत नाही. मुले बेरीज-वजाबाकी करतात आणि गप्प होतात.

या अन्यायाची दखल कोणी घेतलीच नाही असे नाही. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असे आले की, तेथे १५० पैकी ५० गुण मुलाखतीला होते आणि एकेका उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जात होती. न्यायालयाने १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला ठेवणे मनमानी ठरवले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असेही सुचवले. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. तरीही मुलाखत संपलेली नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण तिचे आहेत. पवित्र पोर्टलवरून खासगी संस्थेत शिक्षक होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे मुलाखत आणि अध्यापन कौशल्याचे ३० गुण आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत तर बहुतेक वेळा मुलाखत हीच सारी परीक्षा असते. सरकारी जागा जसजशा कमी होत आहेत, तसतशी आपली अधिकाधिक मुले या दाराशी उभी राहणार आहेत.

मुलाखत नेमके काय मोजते? ज्ञान थोडे मोजते. पण अनोळखी आणि अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसासमोर सहजपणे बोलता येणे, हे ती फार मोजते. ही सहजता पुस्तकात नसते. ज्या घरात जेवताना वडील कार्यालयातील बदली-बढतीच्या गोष्टी सांगतात, काका बँकेत असतात आणि आलेल्या पाहुण्यांपुढे मुलाला 'जरा बोलून दाखव' म्हटले जाते, तेथे ती नकळत मिळते. आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या मुलाचे आईवडील द्राक्षबागेत छाटणीला जातात. साहेबासमोर कमी बोलावे, हा त्यांनी अनुभवातून घेतलेला शहाणपणाचा धडा असतो आणि तोच ते मुलाला देतात. तोच धडा मुलाखतीत उणिवेसारखा दिसतो. मुलाच्या बुद्धीत काही कमी नसते. त्याला फक्त या प्रसंगाची सवय नसते आणि सवय लावता येते.

बाबासाहेबांच्या जीवनातही हे दिसते. पदवीच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी तरुण भीमरावांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. उत्तरे भीमरावांची होती. पण त्या दारापर्यंत सोबत चालणारे एक वडीलधारे माणूस त्यांना लाभले होते. आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, प्रकृती साथ देत नसताना बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. विद्यार्थी होते अवघे १५. सार्वजनिक जीवनात उभे राहणे ही शिकण्याची आणि शिकवण्याची गोष्ट आहे, असे त्यांनी मानले. आमचा रविवार त्या मानाने फार लहान आहे, पण त्याची दिशा तीच आहे.

आता पद्धत सांगते, कारण इतर गावांतील आपल्या वसतिगृहांनाही ती सहज करता येईल. ग्रंथालयातील एका टेबलामागे तीन खुर्च्या. त्यांवर शक्यतो अशी माणसे, ज्यांना उमेदवार ओळखत नाही. आमच्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी, एक दुसऱ्या शाळेतील मुख्याध्यापक आणि अंबडच्या एका कारखान्यात अभियंता असलेली माजी विद्यार्थिनी असे आलटूनपालटून बसतात. मी बाजूला बसून नोंदी करते. उमेदवाराने व्हरांड्यातून दार वाजवून आत यायचे, आपला अर्ज समोर ठेवायचा आणि वीस-पंचवीस मिनिटे कोणीही मध्ये न थांबवता मुलाखत चालू द्यायची. मोबाइलवर तिचे चित्रण होते. शिक्षकपदाचा उमेदवार असेल तर त्याला दहा मिनिटांचा पाठही घ्यावा लागतो आणि त्या वेळी सातवीची खरी मुले समोर बसतात. त्यांच्याइतके प्रामाणिक परीक्षक मिळणे कठीण.

मुलाखत संपली की पहिले बोलणे उमेदवाराचे. काय जमले, कुठे अडले, हे त्याने स्वतः सांगायचे. मग मंडळाने बोलायचे, पण एका अटीवर. 'आत्मविश्वास कमी पडला', 'व्यक्तिमत्त्व अजून घडले पाहिजे' अशी वाक्ये येथे चालत नाहीत. त्यांतून उमेदवाराला काय करावे हे कळत नाही, आपण कमी आहोत एवढेच कळते. जे दिसले आणि जे ऐकू आले तेच सांगायचे. 'प्रत्येक वाक्याच्या शेवटी तुझा आवाज खाली गेला, शेवटचे दोन शब्द आम्हाला ऐकू आले नाहीत.' 'डावीकडच्या सरांनी प्रश्न विचारला आणि तू उत्तर मधल्या सरांकडे पाहून दिलेस.' 'माहीत नाही हे सांगायला तू चार वाक्ये घेतलीस, एक पुरे होते.' असे सांगितले की दुरुस्ती करता येते. आठ दिवसांनी दुसरी फेरी आणि तीत सुधारायच्या गोष्टी दोनच. दहा गोष्टी एकदम सांगितल्या तर मूल खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःवरच पहारा देत राहते आणि प्रश्न ऐकायचे विसरते.

सगळ्यात अवघड ठरणारा प्रश्न सगळ्यात साधा असतो: 'स्वतःविषयी सांगा.' आपली मुले दहावी, बारावी आणि पदवीचे टक्के सांगून थांबतात. लिपिकपदासाठी तयारी करणारा एक विद्यार्थी असाच थांबला. अभिप्रायाच्या वेळी मी त्याला विचारले, 'वसतिगृहात असताना भोजनगृहाचा हिशेब कोण लिहायचे?' तो म्हणाला, 'मीच, मॅडम. दोन वर्षं.' रोजची हजेरी, किराणा, दूध, महिनाअखेरचा मेळ हे सारे त्याने सांभाळले होते. ते सांगण्याजोगे आहे, असे त्याला कधी वाटलेच नव्हते, कारण ते काम त्याने गरजेपोटी केले होते आणि गरजेपोटी केलेल्या कामाला आपल्याकडे अनुभव म्हणण्याची रीत नाही. दुसऱ्या फेरीत त्याने तेच चार वाक्यांत सांगितले. आम्ही त्याच्या तोंडी एकही नवा शब्द घातला नव्हता.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. रसायनशास्त्रातील पदवीधर असलेल्या आपल्या एका विद्यार्थिनीला एका खासगी कंपनीच्या मुलाखतीत प्रथम आडनाव, मग गाव आणि मग 'म्हणजे नेमक्या कुठल्या?' असे विचारले गेले. पाठोपाठ शेरा आला, की प्रवेश सवलतीतूनच झाला असेल. ती गप्प झाली. त्यानंतर टायट्रेशनवरचा प्रश्न आला. तो तिला झोपेतही सोडवता आला असता, तरी तिचे उत्तर चुकले. नोकरी गेली ती त्या उत्तरामुळे. पण ते उत्तर आधीच्या शेऱ्याने नेले होते.

ती सरावाला आली तेव्हा आमच्यातच मतभेद झाले. मंडळातील एका सद्गृहस्थांनी, पूर्ण सद्भावनेने, सुचवले की गावाऐवजी नुसते 'नाशिक' सांगावे आणि विषय बदलावा. मी त्याला विरोध केला. लपवण्याचा सराव केलेले मूल नोकरी मिळाल्यावरही लपतच राहते. पण निर्णय तिचा होता, कारण त्या खोलीत एकटी तीच बसणार होती. आम्ही तोच प्रश्न तिला पुन्हा पुन्हा विचारला. कधी सौम्यपणे, कधी खवचटपणे. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आले, दुसऱ्यांदा ती चिडली. चौथ्या वेळी ती शांतपणे म्हणाली, 'होय सर, मी बौद्ध आहे. प्रवेश आरक्षणातून मिळाला आणि पदवी इतरांनी सोडवल्या त्याच प्रश्नपत्रिका सोडवून मिळाली. प्रयोगशाळेतल्या माझ्या कामाविषयी विचारलंत तर सविस्तर सांगू शकेन.' त्या दिवशी आम्ही त्यावर आणखी अभिप्राय दिला नाही.

पुढच्या मुलाखतीत तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. तिची निवड झाली. तिने फोनवर सांगितले, 'मॅडम, तो प्रश्न आला असता तरी चाललं असतं, असं वाटत होतं. म्हणून बाकीचं नीट बोलता आलं.' सरावाचा अर्थ मला यापेक्षा चांगला सांगता येणार नाही.

अभिप्राय देण्या-घेण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. तीन महिन्यांच्या वर्षावासाची सांगता पवारणेने होते, हे आपण सारे जाणतो. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की, माझ्या वागण्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. मी तो सुधारीन. यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. विनंती दोष दाखवणाऱ्याची नसते, ज्याचा दोष दाखवायचा त्याची असते. सांगायचे ते करुणेने सांगायचे. आणि सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने करायची. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तेथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने कायमची ठेव ठेवली. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात पावसाळ्याअखेर माणसे एकमेकांसमोर बसून आपले दोष विचारत असली पाहिजेत.

म्हणून आमच्याकडे शेवटी ज्येष्ठांची पाळी येते. मंडळही उमेदवाराला विचारते, 'आमचे काय चुकले?' एकदा एका मुलाने निवृत्त अधिकाऱ्यांना सांगितले, 'सर, तुम्ही दोन वेळा माझं उत्तर पूर्ण होऊ दिलं नाहीत.' ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'बरोबर आहे.' वडीलधारे माणूस आपले म्हणणे मान्य करते, हे त्या मुलाने बहुधा प्रथमच पाहिले असेल. त्यानंतरच्या फेरीत तो वेगळाच बोलला.

या उपक्रमाची मर्यादा मला ठाऊक आहे. सरावाने जागा निर्माण होत नाहीत आणि पूर्वग्रहाने भरलेले मन पंचवीस मिनिटांत बदलत नाही. त्यासाठीचा संघर्ष वेगळा आहे आणि तो चालूच ठेवला पाहिजे. चांगली तयारी करूनही नाकारली गेलेली मुले माझ्या वहीत आहेत. त्यांतली बहुतेक पुन्हा आली, हे मात्र नमूद केले पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपण देणगी देता, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. पण वर्षातला एक रविवारही द्या. टेबलामागच्या त्या खुर्चीत बसा आणि आपल्या धाकट्या भावंडांना प्रश्न विचारा. पालकांना विनंती अशी, की घरी मुलांना मत विचारा आणि ते पूर्ण होईपर्यंत ऐका. ज्याचे म्हणणे घरात ऐकले गेले आहे, त्याचा आवाज बाहेर वाक्याच्या शेवटी खाली जात नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!